घसरण अकरावीतच सुरू होते

दहावीला नव्वद टक्के मिळवणारी मुलं बारावीत साठीवर येतात आणि त्याला मोबाईल जबाबदार आहे, असं एका लेखात वाचलं. मोबाईल आहेच, पण मी बावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतोय आणि मला खरी घसरण अकरावीतच दिसते. दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मुळे सगळ्यात कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळतो. विज्ञान शाखेत तो आधार जातो आणि अकरावीचे गुण कुठे धरत नाहीत म्हणून वर्ष वाया घालवलं जातं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे हाल तर बघवत नाहीत, कारण अकरावीला विज्ञान इंग्रजीतून शिकावं लागतं. मागच्या वर्षी एक मुलगी चाचणीत कोरा पेपर देऊन गेली. तिला जवळ बसवून विचारलं, तर त्वरण, संवेग, जडत्व सगळं चोख येत होतं. अ‍ॅक्सिलरेशन म्हणजेच त्वरण, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं! मग तिने वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखले, रोज दहा शब्द. दिवाळीपर्यंत ती गणितं स्वतः सोडवायला लागली.

आणि पालकांनो, प्रॅक्टिकलचे ३० गुण गृहीत धरू नका. जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, दर आठवड्याला तपासून घ्यायला लावा. जानेवारीत एका रात्रीत उतरवलेलं जर्नल तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं, आणि तेव्हा त्या पोराचा चेहरा मला पाहवत नाही.