घाट लागतो? मग स्टिअरिंग हातात घ्या

आंबोली घाट उतरताना गाडी मी चालवते आणि नवरा शेजारी बसतो. यात खरं तर पोस्ट लिहिण्यासारखं काही नाही. पण गणपती झाल्यावर आम्ही दोघं शनिवार-रविवार सावंतवाडीला जाऊन आलो, तेव्हा वाटेत काय झालं बघा. पेट्रोल पंपावरच्या मुलाने चावी माझ्या हातातून घेतली आणि ‘किती टाकू?’ हे मात्र नवऱ्याला विचारलं. आजऱ्याच्या पुढे चहा घेताना टपरीवरचे एक काका त्याला काळजीने म्हणाले, ‘आता घाट हाय, तुम्ही घ्या गाडी.’ आणि घाटात मागून हॉर्न बडवत आलेल्या जीपवाल्याने शेजारी येऊन काच खाली केली आणि जे काही सुनावलं, तेही त्यालाच. नवऱ्याने तिघांनाही एकच उत्तर दिलं, ‘मला दरी बघायचीय.’

तो चेष्टा करत नव्हता. लग्नाआधीपासून तो या घाटातून ये-जा करतोय, पण त्याने घाट पाहिलाय तो रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी, कठडा आणि पुढच्या ट्रकचं फाळकं एवढाच. पलीकडे कोकण कसं खाली पसरत जातं, ढग रस्त्याच्या खालून कसे वर येतात, हे त्याला शेजारच्या सीटवर बसल्यावर दिसलं. आणि मी? मीही तोवर धड पाहिलं नव्हतं. कारण मला घाट लागायचा.

आईचं माहेर सावंतवाडीचं. सुट्टी लागली की लाल एसटी, आणि आजरा मागे पडलं की माझ्या पोटात ढवळायला सुरुवात. उपाय सगळे झाले. आलेपाक, हुंगायला लिंबू, बसायला खाली वर्तमानपत्र, सकाळपासून उपाशी ठेवणं, खिडकीची जागा. आई आणि मावशी यांचंही तेच. घरातल्या पुरुषांना मात्र काही व्हायचं नाही आणि ते ‘बायकांची पोटं नाजूक’ म्हणून हसायचे. त्यातले निम्मे तर स्वतः गाडी चालवत असायचे.

कारण साधं आहे. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा भाग असतो, त्याला वळण जाणवतं. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ असते, ती हलत नाही. या दोघांचं जुळलं नाही की मळमळतं. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते, वळण येण्याआधीच त्याला ते ठाऊक असतं, म्हणून त्याला सहसा गाडी लागत नाही. म्हणजे माझं औषध आलेपाकात नव्हतं, स्टिअरिंगमध्ये होतं. हे मला लहानपणी कुणी सांगितलं नाही. कसं सांगतील? घरातली बाई कधी घाटात गाडी चालवेल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

त्यामुळे माझं सरळ मत आहे: जोडीने जाताय आणि दोघांनाही गाडी येते, तर घाट वाटून घ्या. चढ एकाने, उतार दुसऱ्याने. दमणूक वाटली जाते हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की शेजारी बसणाऱ्याला ‘अगं ब्रेक मार’ असं ओरडावंसं का वाटतं, ते दोघांनाही कळतं.

आणि बायकांनो, उतार मागून घ्या. चढाला इंजिनात जीव लागतो, उताराला चालवणाऱ्यात धीर लागतो. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनावर धरून ठेवायची, ब्रेक मध्ये मध्ये लागेल तसा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग ऐन वेळी पकड कमी पडते. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर उतरणारे महाभाग अजून आहेत. त्यांना मी घाटात जागा देते आणि देवाचं नाव घेते. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनो, तुमच्याही गाडीत बहुतेकदा खालचा गिअर धरण्याची सोय असते, ती शोभेला दिलेली नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम कायद्यात आहे. उतरणाऱ्याने थांबायचं. त्या दिवशी मी एका भरलेल्या ट्रकसाठी थांबले तर मागे हॉर्नची रांग लागली, ‘बाई घाबरली’ अशी. ट्रकवाल्याने जाताना हात वर केला. घाटात थांबण्याला भीती म्हणणारे लोक ट्रकवाल्यांकडून दोन गोष्टी शिकले तर बरं.

धुक्याबद्दल तर बोलायलाच नको. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे धुकं हे तिथलं नेहमीचंच. तरी लोक अप्पर लाईट लावतात, आणि तो उजेड धुक्यावर आपटून त्यांच्याच डोळ्यांत येतो. दुसरे चारही इंडिकेटर लावून चालत राहतात, म्हणजे हा वळणार कुठे ते ब्रह्मदेवालाही कळू नये. डिपर, कमी वेग, पुढच्या गाडीपासून अंतर. बास.

धबधब्याजवळ आम्ही थांबलोच नाही. मुख्य धबधब्यापाशी वळणावरच गाड्या लावलेल्या, दारं उघडी टाकून गाणी चालू, माकडांना वेफर्स खिलवणं चालू. गोवा जवळ असल्याचा पुरावा बाटल्यांच्या रूपाने कठड्याखाली पडलेला असतोच. आम्ही हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी निघते, आजरा, गडहिंग्लजकडून पुढे घटप्रभेला आणि मग कृष्णेला मिळते. म्हणजे इथे पडलेलं पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत जातं, आणि थोडं पलीकडे घाटाच्या कड्यावरून पडलेलं अरबी समुद्रात. नवरा या गोष्टीवर बराच वेळ बोलत राहिला. गाडी चालवत असता तर त्याला एवढी फुरसत नसती. इथल्याच कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नावाचा छोटासा मासा सापडला आणि २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळे पाण्यात पाय सोडून शाम्पूच्या पुड्या फोडणाऱ्यांनो, जरा दमानं.

आंबोलीजवळच्या चौकुळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुलं होती. सीतेची आसवं, तेरडा, कवळा, पांढरे गेंद. कासला तिकीट काढून रांगेत बघावी लागतात तशी, इथे रांग नाही. (पत्ता सांगितला म्हणून गाडी सड्यावर चढवू नका.)

एक आग्रह मात्र धरेन. पावसाळ्यात आंबोलीचा रस्ता अंधार पडल्यावर टाळा, कुणीही चालवत असो. रात्री ओल्या डांबरावर बेडूक आणि साप येतात. आंबोली टोड हा जगात फक्त याच टापूत सापडणारा बेडूक, २००९ मध्ये त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद झाली. तो टायरखाली आला तर चालवणाऱ्याला साधा धक्काही जाणवत नाही. आम्ही उजेड असतानाच खाली उतरलो.

सावंतवाडीत मावशीकडे जेवण, मोती तलावाला चक्कर, चितारआळीत लाकडी फळं. मावशीने मला पाहिल्या पाहिल्या विचारलं, ‘गो, उलटी झाली नाय मगे?’ मी म्हटलं, गाडी मीच चालवली. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, ‘मावशी, मलाच जरा मळमळलं.’ तिने उठून त्याला आलेपाकाची वडी दिली, आणि मला म्हणाली, माका पण शिकव.

येताना चढ त्याने घेतला. पुढच्या खेपेला करूळ घाटाने उतरायचं की फोंडा घाटाने, यावर आमचा वाद चालू आहे. उतार कोणाचा, यावर नाही.