सर्व खर्च मेव्हण्याकडे

लग्नात मेव्हण्यानं कान पिळला, तेव्हा रिवाजाप्रमाणं मी त्याला घड्याळ दिलं. पोरगं आठवीत होतं. आता ते जर्मनीत इंजिनिअर आहे. परवा फोनवर म्हणालं, “दाजी, आक्काला घेऊन पंधरा दिवस या. सगळा खर्च माझा. तुम्ही खिशात हात घालायचा नाही.”

आता, दुसऱ्याला खिशात हात घालू न देणं हा कोल्हापूरकराचा जन्मसिद्ध हक्क. मिसळीच्या बिलावरनं आम्ही एकमेकांचे हात पिरगाळतो. आणि मी बायकोच्या भावाच्या जिवावर परदेशी जायचं? तोंडात नकार आलाच होता, पण तेवढ्यात माळ्यावरनं बॅग खाली पडल्याचा आवाज आला. बायकोनं ती पुसायलाही घेतली.

अशा पाहुण्यासाठी जर्मन सरकारचा एक कागद असतो. त्याचं नाव ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडाव्यात तसा शब्द. मेव्हण्यानं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जायचं, पगार दाखवायचा आणि सही करून आमची हमी घ्यायची. राहणं, खाणं, औषधपाणी सगळं त्याच्याकडं. एवढंच नव्हे, मुदत संपून आम्ही हललो नाही तर आम्हाला हाकलून द्यायचा खर्चसुद्धा त्याच्याकडंच. हे मी बायकोला मुद्दाम वाचून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. “बघा, शेवटपर्यंत निस्तरणारा आहे माझा भाऊ!”

मला वाटलं, पैसे देणारा दुसरा म्हटल्यावर माझा हिशेब कोण विचारतंय? पण पुतण्यानं व्हिसाच्या कागदांची यादी वाचली. माझं तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, शिक्क्यासह. आयकराची विवरणपत्रं. मालमत्तेचे कागद. म्हणजे मेव्हण्यावाचून मला जाता येत नाही हे एका कागदावर कबूल करायचं, आणि इथं माझं इतकं बरं चाललंय की मी तिथं कशाला राहीन, हे बाकीच्या कागदांवर सांगायचं. एकाच फायलीत मी लाचारही आणि जमीनदारही.

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळं विवरणपत्रं नाहीत. स्टेटमेंट बघून तर पुतण्यानं कपाळाला हात लावला. अडीच महिने वीजबिल आणि किराणा, आणि मग एके दिवशी धाडकन उसाचं बिल.

“काका, एकदम एवढी रक्कम दिसली की त्यांना वाटतं उसनी आणून भरली.”

“आरं, आडसाली ऊस हाय तो! सोळा महिनं रानात उभा व्हता. दर महिन्याला काय पेरं मोडून पगार घेऊ?”

शेवटी कारखान्याच्या काट्याच्या पावत्या जोडल्या. त्या काट्यावर आमचा स्वतःचा कधी विश्वास नव्हता, पण जर्मनांनी ठेवावा अशी अपेक्षा.

मग सातबारा. त्याचं इंग्रजी पाहिजे. पुतण्यानं मोबाईलवर दोन मिनिटांत करून दिलं. मला इंग्रजी बेताचंच, पण ‘स्टमक’ हा शब्द कळतो. सातबाऱ्यावर स्टमक कशाला? तर ‘पोटखराबा’चं, म्हणजे गटातल्या नापीक तुकड्याचं, भाषांतर झालं होतं ‘स्टमक अपसेट’. गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक आर, पैकी चार आरांचं पोट बिघडलेलं. प्रवासासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. हा कागद तसाच गेला असता तर जमिनीचाही काढायला लावला असता. मुकाट्यानं पैसे मोजून भाषांतरकार गाठला.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, हसायचं नाही. ते सोपं गेलं. खर्चाचा आकडा डोक्यात होताच.

सोबतच्या पत्रात मात्र मी जीव ओतला. परत येणार कशावरून? मी लिहिलं : सकाळी गंगावेशीत समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही, शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघाची फुटबॉलची मॅच मी चुकवत नाही, पंधरा दिवसांवर पांढऱ्या रश्श्याविना मी जगेन याची खात्री माझ्या डॉक्टरलाही नाही. पुतण्यानं सगळं खोडून तिथं ‘मायदेशी घट्ट सामाजिक संबंध’ एवढंच लिहिलं.

फाईल द्यायला पुण्याच्या व्हिसा केंद्रात गेलो. माणशी फी ९० युरोची, रुपयांत. वर केंद्राची फी, विमा, भाषांतर, गाडीचं डिझेल. खिशात हात घालायचा नव्हता म्हणून बायकोच्या पर्समध्ये घातला.

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, “खर्च कोण करणार?”

“मेव्हणा,” मी हळूच म्हणालो.

“सर, जरा मोठ्यानं.”

“मेव्हणा!”

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. कान तापले, विशेषतः लग्नात पिळलेला. शेजारच्या खिडकीवर इचलकरंजीकडचे एक पिकल्या मिशांचे पाटील उभे होते. त्यांनाही तोच प्रश्न आला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, मान खाली घातली आणि म्हणाले, “जावई.”

मला एकदम बरं वाटलं.