वेल्डिंग मारून टाक, भो!

शेताच्या पाणंदीत जीप रुतली. केळी भरायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने ती ओढून काढली, इथपर्यंत उपकार. पण त्याने व्हिडिओही काढला, आणि जीपच्या आधी तोच गॅरेजवर पोचला. हे मला अजून झोंबतंय.

मागचं एक चाक चिखलात गरगरत होतं, दुसरं ढिम्म. मिस्तरीने व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला आणि म्हणाला, "हाउसिंग खोलू, स्पायडर गिअरांना वेल्डिंग मारू. दोन्ही चाकं संगंच फिरतील. विषय संपला." हे स्पायडर गिअर म्हणजे मागच्या आसाच्या मधल्या डब्यातल्या (हाउसिंग) डिफरन्शियलचे छोटे गिअर; त्यांच्यामुळेच दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात.

मी म्हटलं, बाबा रे, पाणंद पावसाळ्यापुरती, एरवी गाडी डांबरावरच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. चाकांत सव्वा मीटर अंतर धरलं तर एका यू-टर्नला जवळजवळ 4 मीटर जास्त. वेल्डिंग मारलं की तो फरक टायर घासून भरायचा. वर ॲक्सलची दांडी तुटायची भीती आणि ओल्या रस्त्यावर गाडीचं ढुंगण फिरायची.

तेवढ्यात पेपरामागून आवाज आला. अप्पा. भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेले. गॅरेजशी यांचा संबंध फुकटच्या पेपरापुरता.

"रेल्वेच्या डब्याला असते का रे तुझं डिफरन्शियल?"

"नाही."

"दोन्ही चाकं एकाच आसावर ठोकलेली. वळते नं गाडी बराबर?"

"अप्पा, रेल्वेचं चाक उतरतं असतं. आतल्या कडेला घेर मोठा, बाहेर लहान. वळणावर डबा जरा बाहेर सरकतो, मग बाहेरचं चाक मोठ्या घेरावर चालतं, आतलं लहान घेरावर. तिथेच हिशेब मिटतो."

अप्पांनी चष्मा काढला. "तू रेल्वेत होता का?"

"नाही."

"मंग?"

या 'मंग'वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिस्तरीने पाना खाली ठेवून मान डोलावली. मी बैलगाडीवर आलो: तिची चाकं आसावर आपापली सुटी फिरतात, म्हणून ती वळते.

"मंग बैल जुंप," म्हणत अप्पा पुन्हा पेपरात शिरले.

1827 मध्ये पेक्योर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. पेटंट कचेरीत अप्पा बसलेले नसावेत.

कंपनीने दिलेल्या गाडीत असे परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, हेही सांगून पाहिलं. कोपऱ्यात बुलेटचा सायलेन्सर कापणारा पोरगा मनापासून हसला.

त्या व्हिडिओवाल्याच्या ट्रॅक्टरला डिफ-लॉकचं, म्हणजे डिफरन्शियल तेवढ्यापुरतं बंद करायचं, पेडल आहे. चिखलात दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं. वेल्डिंगला सोडायचं पेडल नसतं. आणि मुळात पाणंदीवर चार ट्रॉल्या मुरूम पडला असता तर हा प्रश्नच नव्हता. दर निवडणुकीला तिची टेप लावून मोजणी होते. आमची पाणंद आता तालुक्यातली सगळ्यात जास्त मोजलेली जागा असेल. मुरूम टाकायचं कोणाला सुचत नाही, गाडीचा आस जाळायचा सल्ला मात्र प्रत्येकाकडे तयार.

"बरं, निम्मं मारतो," मिस्तरी शेवटी म्हणाला.

निम्मं म्हणजे काय, ते विचारलं नाही. गिअर ऑइल बदलून निघालो. बिलात खाली 'वेल्डिंग तपासणी, 100 रुपये'. तपासलं कोणी? अप्पांनी?