शिट्ट्यांची पेटी

आमच्या ग्वाल्हेरच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर गणपतीत एकच भांडण होतं. पुतण्या म्हणतो, आधी त्यांचे भोंगे उतरवा, मग आमच्या डीजेवर बोला. दौलतगंजातले काका म्हणतात, विसर्जनाला माझ्या खिडकीची तावदानं थरथरतात ती मशिदीमुळे नाही रे बाबा. 2023 च्या डिसेंबरात मध्य प्रदेश सरकारने धार्मिक स्थळांवरच्या लाउडस्पीकरबाबत आदेश काढला, तेव्हा वाटलं आता तरी हे मिटेल. उलट मोजदाद सुरू झाली, कुणाचे किती उतरले याची.

मी हे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत बसून वाचतो. इथे रविवारी सकाळीही शांतता असते, आणि ‘आमच्याकडे बघा’ असं लिहायला बोटं शिवशिवतात. पण या शांततेचं कारण मिरवण्यासारखं नाही. शहराच्या पश्चिमेला एक उंच मनोऱ्याचं चर्च आहे, त्यात आता पब चालतो. नाव ओरान मोर, म्हणजे गेलिक भाषेत ‘मोठं गाणं’. गाणारेच उरले नाहीत, तर कुणाची झोप मोडणार?

खरं मोठं गाणं मी ऐकलं ते लुईस बेटावर. ऑफिसातली एक सहकारी तिथली. तिच्याबरोबर एका रविवारी तिच्या गावच्या फ्री चर्चमध्ये, म्हणजे इथल्या एका कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये गेलो. ऑर्गन नाही, पियानो नाही, मूर्ती नाही, चित्र नाही. एक म्हातारा बसल्या जागेवरून स्तोत्राची ओळ सुरात सांगतो आणि सगळी मंडळी ती उचलतात. मात्र एकसाथ नाही. प्रत्येक जण आपल्या दमाने, आपल्या हरकती घेत, कुणी पुढे कुणी मागे. पहिल्या क्षणी वाटलं, गोंधळ झालाय. मग अंगावर काटा आला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या दत्तमंदिरात बुवांनी चरण टाकला की टाळकरी ध्रुपद धरायचे, ते असंच कानावर यायचं. तिथे माझ्या आजोबांचा आवाज नेहमी अर्धी मात्रा मागे असे, आणि त्यांना कधी कुणी टोकलं नाही.

या साधेपणामागेही भांडणंच आहेत. स्कॉटलंडच्या कडव्या प्रोटेस्टंटांनी ऑर्गनला ‘किस्ट ओ व्हिसल्स’ म्हणून हिणवलं. किस्ट म्हणजे पेटी, शिट्ट्यांची पेटी! त्यांच्या लेखी ती पोपच्या कॅथलिक चर्चची खूण होती, म्हणजे ‘ते’ आणि ‘आपण’ इथेही होतंच. लुईसच्या सहकारीचं फ्री चर्च तर 2010 पर्यंत अडून होतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एडिनबराच्या सभेत त्यांनी वाद्यांना आणि स्तोत्रांखेरीजच्या गीतांना मुभा दिली, तीही ज्या मंडळीला हवी असेल तिलाच. तिच्या घरात आजही त्यावर दोन तट आहेत.

आपल्याकडे ती पेटी हार्मोनियम होऊन आली आणि तिच्यावरही तेच आरोप झाले. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशकं तिला दूर ठेवलं. तिच्या ठोकळ सुरांत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, बसत नाही, हे आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या गवयांनाही पटलं असतं. 2022 मध्ये शिखांच्या सर्वोच्च पीठाने, अकाल तख्ताने म्हटलं की हरमंदिर साहिबातल्या, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून हार्मोनियम टप्प्याटप्प्याने जावी, तंतुवाद्यं परत यावीत. ज्या गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं रागांत बांधलेली आहेत, त्याच्या गायनाचा हा प्रश्न. ज्यूंच्या सनातनी सिनेगॉगमध्ये शब्बाथला वाद्य वाजत नाही. रशियन चर्चमध्ये फक्त गळा. कुराणाचं पठण कितीही सुरेल असलं तरी पढणारा त्याला गाणं म्हणू देत नाही. देवासमोर किती सूर चालेल, याची धास्ती सगळ्यांनाच. पण ही माणसं भांडतात ती आपल्या घरात काय वाजावं यावर. पुतण्या शेजाऱ्याच्या घरात काय वाजतंय ते मोजतो, आणि मला त्याचं हेच पटत नाही.

त्यातही तो ग्वाल्हेरचा. तानसेन समारोहाची सकाळ त्याच गावात होते. आधी सनई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद आणि चादर. सगळं तानसेनाच्या एकाच कबरीपाशी, शेजारी सूफी संत मोहम्मद गौसांचा मकबरा. लहानपणी आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाऊन गळा सुधारतो का, एवढीच उत्सुकता.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. पुतण्याचं उत्तर आलं, “काका, तुमच्याकडच्या गणपतीचा व्हिडिओ बघितला. आरती तर मोबाइलच म्हणतोय.”

खरं होतं. भाड्याच्या चर्च हॉलमध्ये आम्ही साठ-सत्तर जण होतो, कोपऱ्यात चादर घातलेला ऑर्गन, पाटाजवळ ब्लूटूथ स्पीकर. गात होतो जेमतेम सहा जण. बाकीचे टाळ्या वाजवत होते आणि शूटिंग करत होते. दुसरं कडवं कुणालाच येत नव्हतं, मलाही मधले शब्द आठवले नाहीत. स्पीकर थांबला असता तर आरतीही थांबली असती.

दौलतगंजातल्या काकांना फोन केला. माळ्यावर आजोबांचे टाळ आहेत का विचारलं. म्हणाले, “आहेत, पण एकाची दोरी तुटलीय. डिसेंबरात येशील तेव्हा घेऊन जा, नाहीतर कुणाबरोबर पाठवतो. आणि त्यांच्याबरोबर आरत्यांचं पुस्तकही ठेवतो.”