असई, आमच्या डायनिंग टेबलावरची

"साहेब, पार्सलमध्ये तोफा आहेत का?"

कुरियरवाल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो.

"आहेत," मी तोंडावर हात धरून म्हणालो. "सहा."

"आणि शिपाई लिहिलंय."

"अठ्ठेचाळीस. बैल वेगळे."

पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग "घरी घ्यायला कोण आहे?" असा व्यवहारी प्रश्न आला आणि विषय मिटला. मीटिंगमधला मात्र मिटला नाही. आमचे साहेब अजूनही मला सुट्टी देताना "कुठे स्वारी?" असं विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात.

तर सांगून टाकतो. मी बेचाळीस वर्षांचा आहे, पुण्यात राहतो, घराचे हप्ते भरतो आणि फावल्या वेळात बाहुल्या रंगवतो. 'बाहुल्या' हा बायकोचा शब्द. आम्ही या छंदातले लोक 'मिनिएचर' म्हणतो. बोटाच्या एका पेराएवढे शिपाई विकत आणायचे, जोडायचे, रंगवायचे, टेबलावर मांडायचे, टेपनं मोजून इंच-इंच पुढे सरकवायचे आणि फासे टाकून मारायचे. रंगवायला चार महिने, मारायला चार मिनिटं.

मूळ दुखणं दिवाळीच्या किल्ल्याचं. वाड्याच्या अंगणात विटा, गोणपाट आणि चिखल यांचा किल्ला व्हायचा, वर अळीव पेरायचं आणि कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. त्या किल्ल्यावर महाराज सिंहासनासकट बालेकिल्ल्याहून उंच असत, वाघ तोफेपेक्षा मोठा असे आणि भाजीवालीच्या टोपलीत दोन पहारेकरी सहज मावले असते. कुणाची तक्रार नव्हती. मोठेपणी मी या छंदात आलो आणि कळलं की इथे 28 मिलिमीटरचा शिपाई 32 मिलिमीटरच्या शेजारी उभा केला तर माणसं बोलेनाशी होतात. शिवाय हे 28 मिलिमीटर तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजायचे, टाळूपर्यंत नाही. कारण डोक्यावर पगडी आहे की उंच टोप, त्यावर उंचीचा भरवसा नसतो. हे कळल्यापासून मी लग्नात फेटा बांधलेल्या माणसांकडेही डोळ्यांपर्यंतच बघतो.

शिपाई अखंड येत नाही. धड वेगळं, हात वेगळे, बंदूक वेगळी, डोकीसुद्धा निवडून लावायची. हे सगळं फेविक्विकनं चिकटवायचं. फेविक्विक शिपायाला चिकटायला पाच मिनिटं घेतं आणि मला चिकटायला अर्धा सेकंद. एकदा तोफेचं चाक अंगठ्याला चिकटलेलं असताना बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीला उभे. डाव्या हातानं पैसे दिले म्हणून त्यांना राग आला, आणि उजवा हात दाखवल्यावर जे वाटलं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

आणि हात पडतात. माझे नव्हे, शिपायांचे. सेंटिमीटरभराचा हात चिमट्यातून निसटला की फरशीवर एकदा टिकटिक आवाज येतो आणि मग तो या जगात नसतो. मी मोबाइलचा टॉर्च लावून पोटावर झोपून सोफ्याखाली शोधतो. दुसऱ्या दिवशी झाडू मारताना मावशींचा आवाज येतो, "दादा, हा हात कुणाचा?" हे वाक्य आमच्या घरात इतक्या सहजपणे बोललं जातं, की एकदा फोनवर असलेल्या सासूबाई घाबरून "जावईबापू ठीक आहेत ना?" असं विचारू लागल्या.

खरी परीक्षा प्रायमरची. रंग धरावा म्हणून आधी शिपायांवर स्प्रेनं एक हात मारावा लागतो, आणि तो कोरड्या हवेत मारावा असं डब्यावरच लिहिलेलं असतं. हा डबा बनवणाऱ्यानं पुण्याचा जुलै पाहिलेला नसावा. मी आठवडाभर थांबलो. एका रविवारी दुपारी दोन तास ऊन पडलं, तेवढ्यात बाल्कनीत पुठ्ठ्यावर चोवीस बैल मांडून काळा प्रायमर मारला. हवा दमट असली की स्प्रे वस्तूवर पावडरीसारखा बसतो. माझे बैल बघता बघता रव्यात घोळवलेल्या बोंबलांसारखे दिसायला लागले. उरलेला प्रायमर वाऱ्याबरोबर खाली गेला. खालच्या काकांनीही तेच दोन तासांचं ऊन गाठून पांढरे पायजमे वाळत घातले होते.

"अहो, भिंत रंगवताय का?" काका वर बघून ओरडले.

"नाही काका. बैल."

काकांनी पायजमा उचलून धरला. त्यावरचे ठिपके मोजता आले असते. "आमच्याकडे पोळ्याला शिंगं रंगवत," ते शांतपणे म्हणाले, "पायजमे नाही." मी दोन नवे पायजमे आणून दिले. त्यांनी ते घेतले, पण जुनाही ठेवला आहे. मी लिफ्टमध्ये भेटणार असं वाटलं की तोच घालतात, असा माझा संशय आहे.

साहित्याच्या बाबतीत मी स्वदेशी आहे, मुख्यतः पैशापायी. परदेशी मंडळी ओल्या पॅलेटवर रंग कालवतात. मी पोळ्यांच्या जुन्या डब्यात ओला स्पंज ठेवून वर बटर पेपर पसरतो, रंग दोन दिवस वाळत नाही. त्यांचं ते हिरवं दोन भागांचं पुटी महाग पडतं, म्हणून पगडीला पडलेली फट मी एम-सीलनं बुजवतो. बाथरूमचा नळ गळला तर चालतो, पलटण गळता कामा नये. तळाला वाळू आणि वाळवलेली चहापत्ती. उंचवट्यांवर कोरड्या ब्रशनं फिकट रंगाचा हात फिरवायचा असतो, त्याला मेकअपचा मऊ ब्रश फार उत्तम. हे वाक्य मी बायकोसमोर फक्त एकदा म्हणालो.

आता डोळे. पंचवीस-तीस शिपाई रंगवून झाले की प्रत्येक जण या निर्णयाला येतो: डोळे काढायचे की नाही? शहाणी माणसं काढत नाहीत. पातळ तपकिरी रंग, साधारण कोकमाच्या आगळाएवढा पातळ, चेहऱ्यावर सोडला की तो खोबणीत साचतो आणि लांबून डोळे असल्यासारखं वाटतं. हे शिपाई तीन फुटांवरूनच बघायचे असतात, असा आमच्यात अलिखित नियमच आहे. पण मी शहाणा नाही. आधी खोबणीत काळसर ठिपका, त्यावर त्याहून लहान पांढरा, आणि मधोमध बुबुळाची एक उभी रेघ. ही रेघ मारताना श्वास रोखायचा, कोपरं टेबलावर टेकवायची, दोन्ही मनगटं एकमेकांना भिडवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. उजवा डोळा पहिल्या फटक्यात जमतो. आयुष्यात इतकं समाधान दुसरं नाही. मग डावा. डावा कधीही जमत नाही. डावा नाकाकडे जातो, तो दुरुस्त करावा तर उजवा त्याच्याशी जुळत नाही, म्हणून उजवा थोडा मोठा, मग डावा थोडा मोठा, आणि रात्री एक वाजता माझ्या हातात असा एक तोफेवरचा गोलंदाज असतो, ज्यानं आत्ताच लाइटचं बिल उघडलं आहे.

बायको नेमकी तेव्हा पाणी प्यायला उठते. ती तीन फुटांचा नियम मानत नाही. तीन इंचांवरून बघते आणि म्हणते, "हा तुझ्या मोठ्या काकांसारखा दिसतो." दिसतो. तेव्हापासून त्याचं नाव मोठे काका.

मी तिला या छंदाची थोरवी सांगून पाहिली. म्हटलं, प्रशियाचे लष्करी अधिकारी 1824 पासून नकाशावर ठोकळे मांडून आणि फासे टाकून युद्धाचा सराव करत. ती म्हणाली, "ते पगार घेऊन करत." म्हटलं, एच. जी. वेल्ससारखा थोर लेखक जमिनीवर लोळून खेळण्यातल्या तोफेनं शिपाई पाडायचा, आणि 1913 साली त्यानं 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच काढलं: बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलग्यांसाठी, आणि जास्त हुशार मुलींसाठीही, असं पुस्तकाच्या नावातच लिहून. "मुलींसाठी 'जास्त हुशार' आणि मुलग्यांसाठी नुसतं वय?" तिनं विचारलं. "मग त्याला कळत होतं की बरंच काही." वेल्स मी पुन्हा काढला नाही.

एवढा सगळा खटाटोप असईच्या लढाईसाठी चालला होता. 23 सप्टेंबर 1803, जालना जिल्ह्यातलं असई, एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवून मिरवला, पण तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती असं विचारल्यावर त्यानं असईचं नाव घेतलं होतं. माझा मित्र कायम इंग्रजांकडून खेळतो, म्हणून आम्ही त्यालाच वेलस्ली म्हणतो. त्याची पलटणही मीच रंगवली. 78 व्या हायलँडर या स्कॉटिश पलटणीच्या कोटाची कॉलर 'बफ' रंगाची हवी, यावर त्यानं मला सहा मेसेज पाठवले. बफ म्हणजे नेमका कोणता, यावर आणखी अकरा. शेवटी आईनं साबुदाण्याच्या खिचडीची ताटली समोर ठेवली आणि आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "हाच!"

रविवारी डायनिंग टेबल मोकळं केलं. कैलना नदीसाठी आईनं जुनी निळी नारायणपेठ दिली. त्यामुळे नदीला काठ होते, आणि तेही जरीचे. टेप आईच्या शिलाई मशीनच्या खणातला. त्याचं पहिलं इंचभर टोक झिजून गेलंय हे तिसऱ्या फेरीला लक्षात आलं. तोवर माझ्या तोफा, ज्यांच्या भीतीनं इंग्रजांची गाळण उडायला हवी होती, प्रत्येक वेळी इंचभरानं कमी पडत होत्या.

इतिहासात वाटाडे म्हणाले होते की नदीला उतार, म्हणजे चालत पार होण्याजोगी जागा, नाही. वेलस्लीला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि समोरासमोर गावं आहेत म्हणजे येण्याजाण्याला उतार असणारच असं त्यानं ताडलं. आमच्या वेलस्लीनं वेफर्सच्या तेलकट बोटांनी तीच दोन गावं दाखवली आणि फौज घेऊन साडी ओलांडली. मी डोळ्यांत पांढरे ठिपके घातलेली, चार महिने खपून सजवलेली माझी नवी पलटण पुढे काढली. नवी रंगवलेली तुकडी पहिल्या फेरीत मरते, ही आमच्या छंदातली अंधश्रद्धा जगभर आहे. मी ती मानत नव्हतो. वेलस्लीनं बारा फासे टाकले, त्यातले नऊ लागले, आणि माझी पलटण टेबलावरून थेट फ्रीजवर गेली. मी सहा तोफांचे सहा फासे टाकले: एक, एक, दोन, एक, तीन, एक.

पण माझ्याकडे एक हुकमाचं पान होतं. असईला आपले काही गोलंदाज मेल्याचं सोंग करून तोफांपाशी पडून राहिले, आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर गोळे टाकू लागले. त्यासाठी मी नियम केला होता: सहा पडला की पडलेला गोलंदाज उठणार.

"मेलेला कसा उठेल?" वेलस्ली.

"मेलाच नव्हता. सोंग होतं."

"मग मी मारायला टाकलेला फासा?"

"तोही त्याला लागल्याचं सोंग होतं."

पाऊण तास वाद झाला. पोहे दोनदा गरम झाले. शेवटी त्यानं मान्य केलं, मी फासा टाकला आणि सहा पडला! उठले ते मोठे काका. टेबलावर शांतता. वेलस्लीनं वाकून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "हे नक्की कुणाकडे नेम धरतायत?" मी काही न बोलता तोफेचा फासा टाकला. एक. उठलेल्या गोलंदाजाला एक पडला की तोफ फुटते, हा नियमही मीच सुचवला होता.

खऱ्या असईला वेलस्लीनं 98 तोफा ताब्यात घेतल्या. आमच्या वेलस्लीनं सहा घेतल्या आणि वेफर्सच्या रिकाम्या पाकिटात भरल्या.

आई साडीची घडी घालायला आली. "कोण जिंकलं?"

"इंग्रज."

"पुन्हा?"

"आई, असई आहे ती."

"मग एखादी जिंकलेली खेळा की. रविवारचं घरात बसून हरायचं कशाला?"

"पालखेड!" वेलस्ली तोंडातले पोहे न गिळताच म्हणाला. 1728. बाजीरावानं निजामाला घोड्यांच्या दौडीनं दमवलं, त्याची रसद तोडली, पाणी तोडलं आणि मोठी लढाई न देताच तहाला आणलं. मी समजावून सांगितलं की यात टेबलावर करायचं काहीच नाही, नुसतं पळायचं आहे, आणि घोडे लागतील शेदीडशे.

"मग बरंच की," बायको म्हणाली. "सगळे एका रंगात रंगवून टाक. एका रविवारी होतील."

मी उत्तर देणार तेवढ्यात आईनं घडी अर्धवट सोडली. "एका रंगात कसे? अबलख हवेत, कुमैत हवेत. एखादा तरी पंचकल्याणी हवा. आणि हे बघ, पंचकल्याणीचे चारही पाय पांढरे काढ, आणि कपाळही. नाहीतर लोक हसतील."