माउझरच्या मुठीवरचा लाल ९ : खुलासा

जुन्या पिस्तुलांच्या शौकिनांमध्ये एक समज फिरतोय : माउझर सी९६च्या मुठीवर कोरलेला लाल ९ म्हणजे त्यात नऊ गोळ्या बसतात. हे चूक आहे. त्या पिस्तुलाच्या पेटीत दहा गोळ्या बसतात.

मूळ माउझर ७.६३ मिलिमीटरच्या गोळीचं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मन सैन्याने ९ मिलिमीटर पॅराबेलम या वेगळ्या गोळीची दीड लाख पिस्तुलं मागवली. दोन्ही बाहेरून सारखीच दिसत. सैनिकाने घाईत चुकीची गोळी भरू नये म्हणून लाकडी मुठीवर मोठा ९ कोरून त्यात लाल रंग भरला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूठ दोन्ही प्रकारांना बसते आणि लाल ९ च्या नकली मुठी बाजारात सर्रास मिळतात. त्यामुळे मुठीवर विश्वास ठेवू नका; जाणकाराकडून नळीचा व्यास मोजून घ्या. आणि कृपा करून उडालेला लाल रंग नव्याने भरू नका, पोलादाला नवं ब्लूइंगही (गंजापासून वाचवणारा निळसर-काळा थर) नको. झिजलेल्या कडा, खोबणीत उरलेला जुना रंग हाच त्या वस्तूच्या अस्सलपणाचा पुरावा असतो. 'चकाचक केलं की किंमत वाढते' हे संग्राहकांच्या बाजारात साफ उलटं आहे. गंज वाढू नये इतकं हलकं तेल पुरेसं आहे.