साहेब, ती वेळ माझी असते!

महिन्यातून एकदा 'वन टू वन', म्हणजे साहेबांशी एकट्यानं बोलायची बैठक. या वेळी तिसऱ्यांदा पुढे ढकलली. जळगाव एमआयडीसीत, मे महिन्याच्या उन्हात, पहिली पाळी संपवून मी केबिनबाहेर ताटकळतो. आत गेलो की साहेबांचे डोळे मोबाइलवर आणि पहिला प्रश्न, "टार्गेट किती झालं?" अहो, तो आकडा रोज तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतो! मला वेगळंच बोलायचं असतं. एक्सट्रूडर मशीनवरचा नवा पोरगा बुजलाय, त्याला शिकवायला कोणी नाही. मला क्वालिटीत जायचंय, दोन वर्षं झाली. तेवढ्यात फोन वाजतो, "बाकी ठीक ना?" म्हणत साहेब उठतात. सात मिनिटं!

चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय : ही बैठक हाताखालच्या माणसाची, विषय त्यानं ठरवायचे, वेळ किमान तासभर. मला तासही नको. अर्धा द्या, पण फोन बाजूला ठेवून. आणि मागच्या वेळी काय ठरलं ते लिहून तरी ठेवा हो, दर वेळी मी पहिल्यापासून सुरू करतो!

गेल्या महिन्यात एक चांगला फिटर काम सोडून पुण्याला गेला. साहेब म्हणाले, "आधी बोलला का नाही?"

कुठे बोलणार होता?